रानम्हैस आणि करपा

पाठपरिचय

प्रस्तुत पाठ हा माहितीपर लेख आहे. सारख्या वस्तूंची तुलना करणे सोपे असते. ज्या दोन वस्तूंत वरवर काहीच साम्य दिसत नाही, त्यांची तुलना करताना मात्र आधी ओळखीच्या समजुती तपासाव्या लागतात. एक हजार किलो वजनाचा रानटी प्राणी आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी बुरशी अशी जोडी या पाठात घेतली आहे. वाचताना लेखकाने तुलनेचे मुद्दे कोणत्या क्रमाने घेतले आहेत आणि तुलना कोठे अपुरी पडते, याकडे लक्ष द्यावे.

मूलपाठ

दुर्ग आणि भिलाई ही छत्तीसगढमधील जोडशहरे. अठराव्या शतकात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, तेव्हापासून येथे मराठी कुटुंबे आहेत. 1959 साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटल्यानंतरही अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली. दुर्गमधील पद्मनाभपुर ही अशाच मिश्र वस्तीच्या प्रदेशातली एक वसाहत. शहराच्या हद्दीबाहेर पडले की शिवनाथ नदीच्या खोऱ्यातील भाताची खाचरे सुरू होतात. छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

या भागात कमरछठ नावाचे व्रत पाळले जाते. उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे ती भाद्रपद कृष्ण षष्ठी, तर महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे श्रावण कृष्ण षष्ठी. मुलांच्या दीर्घायुष्यासाठी माता हा उपवास करतात. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतले धान्य खायचे नाही, असा नियम आहे. म्हणून पाणथळ जागी आपोआप उगवणारा ‘पसहर’ नावाचा तांदूळ शिजवतात, आणि गाईचे दूध वर्ज्य असल्यामुळे त्याबरोबर म्हशीचे दूध, दही व तूप घेतात. नांगराला न शिवलेला भात आणि म्हैस अशी दोन्ही त्या दिवशी एका पानावर येतात. या पाठातील दोन्ही सजीवांचा संबंध याच दोन गोष्टींशी आहे. त्यांपैकी पहिला म्हणजे म्हशीचा रानटी पूर्वज, आणि दुसरा म्हणजे भाताचा सर्वांत जुना वैरी.

दोघांची ओळख

छत्तीसगढचा राज्यप्राणी ‘वनभैंसा’, म्हणजे मराठीतील रानम्हैस. गवा हा वेगळा प्राणी. राधानगरीच्या जंगलात दिसतो तो गवा गाईच्या कुळातला असून त्याला ‘बायसन’ म्हणण्याची चूक आजही सर्रास होते. रानम्हैस मात्र खरोखरच म्हैस आहे. गोठ्यात बांधलेली म्हैस सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी याच प्राण्यापासून माणसाळली. शास्त्रीय नाव ‘ब्युबॅलस अर्नी’. पूर्ण वाढलेल्या रानरेड्याचे वजन हजार किलोच्या पुढे जाऊ शकते, आणि पसरलेल्या शिंगांच्या टोकांमधील अंतर दोन मीटरपर्यंत भरते. उंच गवत, पाणथळ जागा आणि चिखल या तिच्या गरजा. कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे ऊन चढले की तिला पाण्यात किंवा चिखलात बसावेच लागते. लोळणे हा तिचा आळस नव्हे, शरीर थंड राखण्याचा तो तिचा मुख्य उपाय आहे.

दुसरा सजीव म्हणजे ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ ही बुरशी. भातावर तिच्यामुळे जो रोग पडतो, त्याला मराठी शेतकरी करपा म्हणतो आणि छत्तीसगढचा शेतकरी झुलसा. दोन्ही भाषांना आगीचीच आठवण झाली, कारण रोग पडलेले शेत दुरून जळाल्यासारखे दिसते. जवळून पाहिल्यास पानावर दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे ठिपके आढळतात. मधला भाग राखाडी आणि कडा तपकिरी. पुढे लोंबीच्या देठावर रोग गेला की देठ काळा पडून मोडतो आणि लोंबी पोचट राहते. चीनमध्ये 1637 साली छापलेल्या एका ग्रंथात या रोगाचा ‘भाताचा ताप’ म्हणून उल्लेख आहे. या बुरशीचा एक बीजाणू इतका लहान असतो की सुमारे चाळीस-पन्नास बीजाणू टोकाला टोक लावून ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर लांबी भरेल.

दोघेही गवतावर जगतात. भात हे शेवटी गवतच आहे, आणि ही बुरशी सुमारे पन्नास प्रकारच्या गवतवर्गीय वनस्पतींवर आढळते. नाचणीचा करपा हाही तिचाच. साम्य इतकेच असते, तर तुलना येथेच संपली असती.

गवताच्या आत शिरण्याची कला

गवताची पेशीभित्तिका सेल्युलोजची असते. कोणत्याही सस्तन प्राण्याला सेल्युलोज पचवणारे विकर स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. मग रानम्हैस गवतावर कशी जगते? ती गवत स्वतः पचवतच नाही. तिच्या चार कप्प्यांच्या जठरातील सर्वांत मोठ्या कप्प्यात, रोमंथिकेत, असंख्य सूक्ष्मजीव राहतात; ते गवत फोडतात आणि त्यातून निघालेल्या आम्लांवर म्हैस जगते. रवंथ म्हणजे या सूक्ष्मजीवांसाठी गवत पुन्हा बारीक करून देणे.

या सूक्ष्मजीवांत केवळ जीवाणू आणि आदिजीव असतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. 1975 साली कॉलिन ऑर्पिन या इंग्रज शास्त्रज्ञाने मेंढीच्या रोमंथिकेतील ज्या शेपटीवाल्या पेशींना सर्व जण आदिजीव समजत होते, त्या प्रत्यक्षात बुरशीच्या आहेत असे दाखवून दिले. ऑक्सिजनशिवाय जगणारी बुरशी असू शकते, हेच तोवर कोणाला पटणारे नव्हते. आता म्हशीसह बहुतेक रवंथ करणाऱ्या प्राण्यांत अशा बुरशी सापडल्या आहेत. त्या आपले धागे गवताच्या तुकड्यात घुसवतात, तो आतून फोडतात आणि जीवाणूंना वाट मोकळी करून देतात. म्हणजे करपा जे काम शेतात करतो, तसलेच काम त्याचे दूरचे भाऊबंद म्हशीच्या पोटात करत असतात. एकाला आपण रोग म्हणतो आणि दुसऱ्याला पचन.

करप्याची कामाची रीत आणखी विलक्षण आहे. वाऱ्याने आलेला बीजाणू दवाने ओल्या झालेल्या पानावर पडतो आणि टोकातून निघणाऱ्या चिकट द्रवाने तेथे घट्ट बसतो. दोनएक तासांत त्याला कोंब फुटतो. कोंबाच्या टोकाशी घुमटाच्या आकाराची एक पेशी तयार होते. घुमटाच्या भिंतीवर आतून मेलॅनिन या काळ्या द्रव्याचा थर बसतो. आत ग्लिसरॉल साठत जाते. ते बाहेरचे पाणी आत ओढून घेते, पण मेलॅनिनच्या थरामुळे ग्लिसरॉलला बाहेर पडता येत नाही. दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या ऐंशीपट होतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे चाळीसपट. हा सगळा दाब घुमटाच्या तळाशी असलेल्या एका बारीक खुंटीवर एकवटतो, आणि ती खुंटी पानाची कठीण त्वचा भोसकून आत जाते. रानरेडा गवत आडवे करत चालतो तेव्हा त्याचे बळ डोळ्यांना दिसते. या बीजाणूचे बळ मोजायला प्रयोगशाळा लागली.

मेलॅनिन हा शब्द येथे दुसऱ्यांदा विचारात घ्यावा लागेल. रानम्हशीची कातडी ज्यामुळे काळी दिसते, ते द्रव्यही मेलॅनिनच. मात्र प्राण्यांच्या शरीरात ते तयार होण्याची रासायनिक वाट वेगळी आणि बुरशीतील वाट वेगळी. भातावर फवारले जाणारे ट्रायसायक्लॅझोल हे औषध नेमकी बुरशीची वाट अडवते. मेलॅनिन नाही म्हणून घुमट गळका राहतो, दाब टिकत नाही आणि बीजाणू पानावर असूनही आत शिरू शकत नाही.

पाठगत प्रश्न : रवंथ करण्याचा खरा उपयोग कोणाला होतो? करप्याच्या बीजाणूला दव का लागते? ट्रायसायक्लॅझोल बुरशीचे कोणते काम बंद पाडते? उत्तरे आपल्या शब्दांत लिहावीत.

नात्याचा उलगडा

बुरशी एका जागी स्थिर असते, जमिनीतून किंवा झाडातून वाढते, म्हणून लिनिअसपासून पुढे सुमारे दोनशे वर्षे ती वनस्पतींतच गणली जात होती. 1969 साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत विभागणी करून बुरशींना स्वतंत्र स्थान दिले. 1993 नंतर रेण्वीय पुराव्यांवरून त्याहून अनपेक्षित गोष्ट पुढे आली. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. प्राणी आणि बुरशी यांचा समान पूर्वज सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला असावा. वनस्पतींची शाखा त्याच्याही आधी फुटलेली होती.

याचा अर्थ असा की करपा हा भातापेक्षा रानम्हशीचा जवळचा नातेवाईक आहे. नात्याच्या खुणाही आहेत. वनस्पती साठा करतात तो पिष्टाच्या रूपात. म्हैस आणि बुरशी दोघीही तो ग्लायकोजेनच्या रूपात करतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज नव्हे, तर कीटकांच्या कवचात असते ते कायटिन असते. दोघींनाही सूर्यप्रकाशापासून अन्न बनवता येत नाही. प्राण्याच्या शुक्रपेशीला पोहण्यासाठी मागच्या बाजूला शेपटी असते, तशीच ती रोमंथिकेतील बुरशीच्या चलबीजाणूंनाही असते. करप्याच्या कुळाने ती केव्हाच टाकून दिली.

या नात्याचा व्यावहारिक परिणामही आहे. शत्रू जितका जवळचा नातेवाईक, तितके त्याला मारणारे औषध आपल्यालाही बाधण्याची भीती अधिक. म्हणून बुरशीनाशक शोधताना बुरशीत आहे पण प्राण्यात नाही, असा एखादा फरक हुडकावा लागतो. वर सांगितलेली मेलॅनिनची वाट हा तसा एक फरक आहे. दुसरा म्हणजे पेशीपटल. प्राण्यांच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर बहुतेक बुरशींच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल.

एक वासरू आणि हजारो बीजाणू

नाते जवळचे असले तरी संसाराची रीत मात्र अगदी उलट आहे. रानम्हैस दहा-अकरा महिने गर्भ वाहते आणि एका वेळी बहुधा एकच वासरू देते. ते वाढवण्यात तिचा एवढा काळ जातो की पुढचे वासरू सहसा दरवर्षी होत नाही. करप्याचा एक ठिपका मात्र रात्रीच्या दमट हवेत हजारो बीजाणू सोडतो आणि हे पंधरवडाभर चालू राहते. लागण झाल्यापासून आठवड्याच्या आत नवा ठिपका तयार. एका हंगामात अशा कित्येक पिढ्या होतात. बीजाणूंपैकी बहुतेक सगळे वाया जातात. पण त्याने बुरशीचे काहीच बिघडत नाही.

रानम्हशीच्या बाबतीत एक मादी गेली तरी बिघडते. शिकार, कुरणांचा नाश, पाळीव गुरांकडून आलेला बुळकांडीसारखा रोग आणि गावच्या म्हशींशी होणारा संकर या कारणांनी मध्य भारतातील तिचे कळप आटत गेले. जगातील चार हजारांहून कमी उरलेल्या रानम्हशींपैकी बहुतेक आसामात आहेत. छत्तीसगढमध्ये इंद्रावती आणि उदंती एवढीच नावे घेण्यासारखी; इंद्रावतीच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात कोलामार्काचे जंगल आहे, ते महाराष्ट्राने 2013 साली रानम्हशीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केले. उदंतीत तर एक वेळ अशी आली की शुद्ध रानवंशाची मानली जाणारी एकच मादी उरली होती. तिचे नाव ‘आशा’ ठेवण्यात आले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढ शासनाला रानम्हैस वाचवण्याचे निर्देश दिले. 2014 साली कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी अनुसंधान संस्थेत आशाच्या पेशींपासून ‘दीपआशा’ हे वासरू जन्माला आले. प्रयोगाचे कौतुक झाले, आणि पुढे ते वासरू खरोखर रानवंशाचे आहे का, अशी शंकाही घेतली गेली. पण शंका बाजूला ठेवली तरी एक अडचण उरतेच. प्रतिकृती म्हणजे त्याच जनुकांची दुसरी प्रत. तिने संख्या एकाने वाढते, विविधता मुळीच वाढत नाही.

म्हणून 2020 आणि 2023 साली आसाममधील मानस येथून रानम्हशी आणून छत्तीसगढच्या बारनवापारा अभयारण्यात ठेवण्यात आल्या. यावरही तज्ज्ञांत मतभेद झाले. मध्य भारतातील उष्ण, कोरड्या जंगलाशी शतकानुशतके जुळलेला वंश ईशान्येच्या वंशात मिसळावा की निराळा राखावा? निराळा राखावा, तर तो राखण्याइतका उरला आहे काय? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि ते आहे असे भासवणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

सारखेपणाचे कुरण

करप्याचा प्रश्न याच्या नेमका उलट बाजूने येतो. रोगाला दाद न देणारे भाताचे वाण शास्त्रज्ञ मोठ्या कष्टाने तयार करतात. ते वाण सर्वदूर लावले जाते. कोट्यवधी बीजाणूंपैकी एखाद्यात असा बदल होतो की त्याला त्या वाणाचे कुलूप उघडता येते, आणि मग त्याच्यासमोर मैलोन्‌मैल एकच कुलूप असते. अनेक वाणांची प्रतिकारशक्ती अशी काही हंगामांतच निकामी झाली आहे. नत्रखताचा अतिरेक झाला, रात्री थंड पडल्या आणि पाने दवाने तासन्‌तास ओली राहिली, की रोग पसरायला वेळ लागत नाही.

भातावरील बुरशीने किती अनर्थ होऊ शकतो, याची साक्ष बंगालने दिली आहे. 1943 च्या दुष्काळापूर्वीच्या हंगामात तेथील भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला होता. तो करपा नव्हे, दुसऱ्या बुरशीचा रोग. कटकच्या भात संशोधन संस्थेतील एस. वाय. पद्मनाभन यांनी 1973 साली लिहिलेल्या लेखात दुष्काळाचे खापर मुख्यतः या रोगावर फोडले. (पद्मनाभपुर आणि पद्मनाभन हा केवळ नावांचा योगायोग.) अमर्त्य सेन यांनी 1981 साली दाखवून दिले की धान्याची तूट एवढ्या मृत्यूंचे कारण होऊ शकत नाही, गरिबांच्या हातातून ते विकत घेण्याची शक्ती गेली होती. वीस ते तीस लाख माणसे दगावल्याचे अंदाज आहेत. बुरशी पीक खाते, पण उपासमार घडण्यास माणसांची व्यवस्थाही तितकीच कारण होते, असे या दोन लेखनांना एकत्र वाचले असता दिसते.

करप्याविरुद्ध एक साधा उपाय चीनमधील युन्नान प्रांतात मोठ्या क्षेत्रावर करून पाहण्यात आला. रोगाला चटकन बळी पडणारा चिकट भात तेथील शेतकरी चांगल्या भावासाठी लावत. त्याच्या ओळी रोगप्रतिकारक वाणाच्या ओळींमध्ये मिसळून लावल्या. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार चिकट भातावरील करप्याची तीव्रता 94 टक्क्यांनी घटली आणि त्याचे उत्पादन 89 टक्क्यांनी वाढले. बीजाणू पूर्वीसारखेच उडत होते; शेजारचे रोप आपल्या ओळखीचे निघेल याची त्यांना खात्री राहिली नव्हती, एवढेच.

या दृष्टीने छत्तीसगढकडे मोठी ठेव आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात रायपूर येथे राहून गावोगावच्या भाताचे हजारो नमुने गोळा केले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भातवाणांचे तेवीस हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. त्यांतील कित्येकांची पेरणी शेतात आता होत नाही. रानभातांचे मोलही असेच. करप्याला रोखणारे ‘पी-9’ हे जनुक ‘ओरायझा मिन्युटा’ नावाच्या रानभातातून लागवडीच्या भातात आणले गेले. नांगर न लागलेल्या जागी वाढणारे असे गवत शेतकऱ्याला तण वाटते, आणि उपटून टाकले जाते.

पसहर आणि रानम्हैस यांची अडचण एकच आहे. दोघांनाही पाणथळ जागा लागतात, आणि तळी बुजवून, ओढे वळवून, पडीक जमिनी लागवडीखाली आणून त्या जागा कमी झाल्या आहेत. कमरछठच्या आधी दुर्ग-भिलाईच्या बाजारात पसहर तांदूळ विकायला येतो तो मापट्याने, आणि नेहमीच्या तांदळाहून पुष्कळ महाग.

स्वाध्याय

रानम्हैस आणि करपा यांच्यातील कोणते साम्य तुम्हांस सर्वांत अनपेक्षित वाटले, ते कारणासह लिहा.

‘प्रतिकृतीने संख्या वाढते, विविधता वाढत नाही’ हे विधान एकाच वाणाच्या भातशेतीला कसे लागू पडेल?

आपल्या परिसरातील एखाद्या वयस्क शेतकऱ्यास भेटून पूर्वी पेरले जाणारे आणि आता न पेरले जाणारे वाण कोणते, ते विचारा. मिळालेली माहिती एका परिच्छेदात मांडा.